लोंढेबाई जमिनीवर बसल्या

“बाई, खरं सांगा. छत्तीस वर्षं दवाखान्यात काढलीत, तुमची कंबर टिकली कशी?”

शैलजाने हे उभ्यानेच विचारलं. समोर खुर्ची होती. पण बसलं की उठताना कळ येते, म्हणून ती भिंतीला टेकून उभी होती.

लोंढेबाई आपल्या घरी, पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

या लोंढेबाई म्हणजे नर्सिंगच्या शाळेतल्या तिच्या शिक्षिका. वय शहात्तर, अंगाने भरभक्कम, गुडघे पार कामातून गेलेले. पण पाठ बघावी तर अजून ताठ. आणि शैलजा ढवळे म्हणजे वॉर्डातली नावाजलेली सिस्टर. पेशंट कितीही जड असो, ही एकटी उचलणार. मदतीला कुणी पुढे झालंच, तर म्हणणार, “सरका, मी करते.” अशी एकोणीस वर्षं गेली. लोकांनी कौतुक केलं, आणि कौतुकाची चटक वाईट.

“काही तेल लावायचात का? आसनं?”

“नाही.”

“मग?”

एक पाकळी वाटीत पडली. म्हाताऱ्या माणसांना कसली म्हणून घाई नसते, आणि समोरच्याचा जीव मात्र टांगणीला लागलेला असतो.

“दुखतं कुठे?” बाईंनी विचारलं.

“कंबर. मग मान. उजव्या खांद्यावर तर झोपता येत नाही. मणक्यातली गादी सरकलीय म्हणाले डॉक्टर.”

“रजा घेतलीस?”

“मी? रजा?” शैलजा हसली. “पट्टा बांधून ड्यूटी करते, बाई. आतून बांधते, कुणाला दिसू देत नाही.”

“का गं?”

“दिसला तर म्हणतील, ढवळे सिस्टर संपली.”

मग तिने पर्समधून कागद काढून बाईंपुढे धरला. राजीनामा होता. दोन ओळींचा, खाली सही केलेला.

“उद्या देऊन टाकते. म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं.”

“कामाचा कंटाळा आला?”

एवढं विचारायचा अवकाश, शैलजाचे डोळे भरून आले.

“कंटाळा कसला हो! पेशंटचं अंग पुसावं, कूस बदलावी, स्वच्छ चादरीवर निजवावं... तो डोळे मिटून हुश्श करतो ना, त्यासाठी तर मी जाते तिथे. पण आता हात घालायचीच भीती वाटते, बाई. परवा एका आजोबांना उचलत होते. मध्येच कळ निघाली. सुटलेच असते हातातून. कसेबसे धरले. तर तेच मला विचारतात, ‘पोरी, तुला लागलं का?’ मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.”

“वॉर्डात दुसरं कुणी नव्हतं?”

“होतं की. दोघी सिस्टर होत्या. वॉर्डबॉय दारातच उभा होता.”

“हाक मारलीस?”

शैलजाने कागदाची घडी घातली.

“मारलीस का?”

“ज्याला त्याला आपापली कामं असतात, बाई.”

बाईंनी नुसतं “हं” केलं.

शैलजाला आपला विद्यार्थिदशेतला काळ आठवला. बाई वॉर्डात शिकवायला आल्या की नुसता गलका. पेशंटला इकडचा तिकडे करायचा, तर अख्ख्या वॉर्डाला हाका. ए सखाराम, ये रे इकडे! वहिनी, तुम्ही पाय धरा! आजोबा, तुम्हीही जरा जोर लावा, नुसते पडून काय राहता? पेशंटलासुद्धा सोडायच्या नाहीत. पोरी मागून त्यांना भोंगा म्हणायच्या. सगळ्यात जास्त शैलजाच हसायची. आपण असं कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे तिने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं.

बाईंनी लसणाची वाटी बाजूला ठेवली. पलंगाची कड धरली. आणि घसरत घसरत, धापा टाकत, खालच्या चटईवर फतकल मारून बसल्या.

“अहो बाई! हे काय?”

“बसले.”

“पण तुम्हाला खालून उठता येत नाही ना?”

“नाही येत.”

“मग बसलात कशाला?”

“उचल मला.”

शैलजाने कपाळाला हात लावला. आता या बाईंना बोलणार तरी काय? ती पुढे झाली. सवयीने दोन्ही काखांत हात घातले, श्वास रोखला, जोर लावला. कंबरेतून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाई जागच्या हलल्या नाहीत.

“स्टूल आणते. त्याला धरून उठाल?”

“गुडघे वाकले तर पाहिजेत.”

तिने पुन्हा जोर लावला. या खेपेला तीच गुडघ्यांवर आली, आणि बाईंच्या शेजारी बसून रडायला लागली. दुखण्यापेक्षा तिला शरम जास्त वाटत होती. एवढी नावाजलेली सिस्टर, आणि आपल्या बाईंना जमिनीवरून उठवता येईना!

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पट्टा हाताला लागला तशा थांबल्या, मग पुन्हा फिरवला.

“रड. मी कुठे जातेय?”

बाहेर अंगणात बायकांचं बोलणं चाललं होतं. शेजारच्या गोदाक्का आणि त्यांची सून कुरडया घालत होत्या.

“बाई... त्यांना बोलवा ना तुम्ही.”

“मी का? उचलायचं तुला आहे.”

शैलजा भिंत धरून उठली. दारात गेली. सापडत नाही अशा शिरेत सुई घालताना तिचा हात कधी कापला नव्हता, आणि इथे चार शब्दांसाठी कानशिलं तापली.

“अहो...”

कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

“मोठ्याने,” बाई आतून म्हणाल्या.

“अहो काकू! जरा हात लावता का? मला... मला एकटीला उचलत नाहीये!”

गोदाक्का तशाच उठल्या. कोपरापर्यंत चीक लागलेला. सुनेने पाणी ओतलं, दोघींनी भराभर हात धुतले नि आत आल्या.

“अगं बया, बाई खाली कशा? आणि तू एवढा वेळ एकटी झटत होतीस होय? आवाज द्यायचा की!”

“चादर देता का एखादी?” शैलजा म्हणाली.

चादरीची घडी बाईंच्या खाली सरकवली. एका बाजूला गोदाक्का, दुसऱ्या बाजूला सून. शैलजा पायांकडे. आता तिचा आवाज मोकळा झाला होता.

“काकू, कंबरेत वाकू नका, गुडघ्यांत वाका. चादर अंगाजवळ धरा. बाई, तुम्ही हात छातीशी घ्या आणि मान वर करा. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम. एक... दोन... तीन!”

बाई पलंगावर.

“एवढंच?” गोदाक्का म्हणाल्या. “माझा चीक वाळतोय तिकडे.” आणि सुनेला घेऊन गेल्यासुद्धा.

शैलजा तशीच उभी राहिली. कळ येईल म्हणून वाट बघत. जुनं दुखत होतंच, पण नवी कळ काही आली नाही.

तिने डोळे पुसले. मग एकदम हसूच आलं तिला.

“बाई, तुमचं वजन किती हो?”

“ब्याऐंशी किलो.”

“वाटलं नाही.”

बाईंनी पदर सारखा केला आणि तिच्याकडे बघितलं.

“मग इतकी वर्षं जड काय होतं गं, शैला?”