पाय नसलेल्यांसाठी जिना

कोणे एके काळी नदीकाठच्या एका गावात एक पाथरवट राहत होता. त्याच्या हाताखाली दगड लोण्यासारखा मऊ व्हायचा. पाटलासमोर उभं राहिलं की त्याचा स्वतःचा कणाही तसाच मऊ व्हायचा.

त्या नदीतले खडस मासे दर पावसाळ्यात चढणीला लागायचे. पोटात अंडी घेऊन प्रवाहाच्या उलट पोहत ते वर डोंगरातल्या उथळ, स्वच्छ पाण्यात जायचे आणि तिथे अंडी घालायचे. गावचे भोई त्या दिवसांत जाळी वळणीवर टांगून ठेवत. पोटुशीवर हात टाकायचा नाही, अशी त्यांची रीत होती.

पुढे शेतीसाठी नदीवर बंधारा बांधला. पाणी अडलं, आणि मासेही अडले. पहिल्याच वर्षी भिंतीवर डोकी आपटून कितीतरी मासे मेले. तेव्हा एक म्हातारी भोईण पाटलाच्या दारात जाऊन बसली. काही केल्या उठेना. शेवटी वैतागून पाटील म्हणाला, "बरं बाई, बांधतो तुझ्या माशांना जिना!"

काम पाथरवटाकडे आलं. भोईण त्याला म्हणाली, "वाट वाकडी ठेव, म्हणजे पाण्याचा जोर मोडेल. दगड खडबडीतच राहू दे. आणि मधे मधे डबकी कर, मासा तिथं दम खाईल."

पाटील म्हणाला, "सरळ बांध. घोटून आरशासारखा कर, पाहुणे येणार आहेत बघायला. वरच्या पायरीवर माझं नाव कोर आणि ती चांगली उंच घे. पाणी उगाच वाया जायला नको."

पाथरवटाला भोईणीचं अगदी मनापासून पटलं होतं. बांधलं मात्र त्याने पाटलाच्या मनासारखं.

उद्घाटनाला हारतुरे आले, वाजंत्री आली. मुक्या जिवांचा कैवारी म्हणून पाटलाचा जयजयकार झाला. पाहुण्यांनी पायऱ्यांवरून हात फिरवून वाहवा केली. यावरून मासा चढेल का, हे एकानेही विचारलं नाही. काय म्हणावं या माणसांना!

आठवड्याभराने नदी फुगली आणि मासे आले. पाथरवट बघायला गेला. एक मोठी मादी उसळी मारून पहिल्या पायरीवर पडली. वरची पायरी उंच असल्याने पाणी बंधाऱ्यामागेच अडत होतं, वरून नुसता ओघळ येत होता. ती गुळगुळीत दगडावर तडफडली, घसरली, पुन्हा उसळली. तिसऱ्या खेपेला ती उताणी पडली आणि तिची अंडी पायरीवर सांडली. खाली गावकरी टोपल्या घेऊन उभे होते. मासे आयतेच हातात येताहेत म्हणून हसत होते.

भोईण पाथरवटासमोर येऊन उभी राहिली. "तुला पाय आहेत म्हणून पायऱ्या केल्यास होय रे? त्यांना पाय आहेत का? मी सांगत होते तेव्हा मान हलवत होतास ना?"

पाथरवटाला संताप आला. आधी पाटलाचा, मग टोपलीवाल्यांचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. तो तडक घरी गेला, घण घेऊन आला आणि भरदिवसा, सगळ्यांदेखत वरच्या पायरीवर घाव घालू लागला.

पाटील धावत आला. "माझं नाव फोडतोस? या गावात तुला पुन्हा काम मिळणार नाही!"

"नका देऊ," पाथरवट म्हणाला. "नाव तुमचं असेल, पाटील, पण पाप माझ्या हातचं आहे. बाजूला व्हा, कपची उडेल."

पायरी फुटली आणि पाणी धो धो सुटलं. भोईण कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून सांगत होती, "हा इकडे, तो आडवा टाक," आणि पाथरवट दगड रचत होता. संध्याकाळपर्यंत जिना गेला आणि दगडधोंड्यांची एक वेडीवाकडी, कुरूप वाट तयार झाली. तिच्यातून एक मादी वर आली. डबक्यात थांबली, दम खाल्ला आणि बंधारा ओलांडून निघून गेली. तिच्यामागून दुसरी गेली, मग तिसरी.

पाटलाने आपला शब्द पाळला. पाथरवटाला त्या गावात पुन्हा काम मिळालं नाही. पुढच्या वर्षी त्याच कुरूप वाटेपाशी पाटलाने स्वतःचा सत्कार मात्र करून घेतला. लोक त्याला हार घालत असताना मासे त्याच्या पाठीमागून चढत होते आणि त्याने एकदाही वळून पाहिलं नाही.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: ज्याचं भलं करायचं, त्याला काय हवं ते आधी समजून घ्यावं. लोकांना दाखवण्यासाठी केलेला उपकार जीव घेतो.