कुसळांचा जोंधळा

"उपटून टाकू ना, अप्पा?"

मल्लिनाथाने ताटाला हात घातलाच होता. मठाच्या रानातला सगळा जोंधळा टपोऱ्या, बोडक्या कणसांचा. त्यात ही चारच ताटं वेगळी निघाली होती. दाणा बारीक आणि कणीसभर लांब, टोकदार कुसळं.

मठाचं बियाणं गावभर पेरलं जाई. यंदा अप्पास्वामी बियाण्याची कोठी आपल्या हाती देतील, या आशेवर हा शिष्य तीन वर्षं राबत होता. बियाण्यात भेसळ निघाली तर सगळंच मुसळ केरात.

"ही कुणी पेरली?" अप्पांनी विचारलं.

"कुणीच नाही. एकेक कणीस मी स्वतः निवडून बी धरलं होतं. कुठून आली, देव जाणे."

"पोथी शंभरदा उतरवली की एखादं अक्षर बदलतंच. बी तर दर साली स्वतःला उतरवून काढतं."

"म्हणजे चूकच की ओ, अप्पा."

"बहुतेक वेळा चूकच..."

"मग उपटतो."

अप्पांनी त्याचा हात ताटावरून काढला आणि त्यात गोफण ठेवली.

दाणा भरू लागला तशी पाखरं उतरली. मल्लिनाथाने राखणीच्या माळ्यावरून ओरडून घसा बसवून घेतला, तरी बांधाकडचा पट्टा चिमण्यांनी साफ केला. त्या पट्ट्यात चारच कणसं भरलेली उरली. कुसळं टोचतात म्हणून चिमण्या त्यांच्याकडे फिरकल्याच नव्हत्या.

सुगी झाल्यावर तो ते मूठभर बी घेऊन आला. स्वारी भलतीच खुशीत होती.

"कळलं मला, अप्पा. आता हेच वाढवायचं. बोडकं बी कोठीतून काढूनच टाकतो."

अप्पांना हसू आवरेना.

"याची मळणी केलीस ना? अंगाला काय झालं?"

"खाज... दोन दिवस."

"आणि भाकरी?"

"दाणाच बारीक, अप्पा. चार कणसांचं मिळून हे एवढं मूठभरच निघालं."

अप्पांनी त्याच्या मुठीतलं बी बोडक्या बियाण्याच्या टोपलीत ओतलं, हाताने चांगलं कालवलं. मग त्या टोपलीवर अप्पांनी कोठीची किल्ली ठेवली.

किल्ली उचलताना मल्लिनाथाचे डोळे भरून आले. तरी शंका काही सुटेना.

"पण अप्पा... यातलं खरं बी कुठलं? मी राखू कुठलं?"

"पुढच्या साली पाखरं किती येणार, ते त्यांना विचारून ये. मग सांगतो."