पहिली चढाई

एकदा एका नदीकाठच्या गावात कबड्डीचा अंतिम सामना तोंडावर आला आणि सगळ्या गावाला संशयाची बाधा झाली. कारण साधेच होते. वर्षानुवर्षे सामन्यातली पहिली चढाई मल्हारीची असे. मल्हारी हा गावच्या मंडळाचा सर्वांत जुना चढाईपटू आणि संघाला खेळ शिकवणाऱ्या वृद्ध गुरुजींचा लाडका शिष्य. या वेळी मात्र गुरुजींनी जाहीर केले की पहिली चढाई रंगनाथ करील. रंगनाथ याच वर्षी संघात आलेला, मोठा सामना म्हणजे काय हे जेमतेम पाहिलेला तरुण.

देवळामागच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी या विषयाचे न्यायालय भरू लागले. ज्यांनी आयुष्यात मैदानाची रेषा ओलांडली नव्हती, त्यांची मते सर्वांत ठाम होती. काही म्हणत, पोराचे पाय चपळ आहेत, खेळू द्या त्याला. बाकीचे म्हणत, अंतिम सामना ही काय शिकायची जागा आहे? दोन दिवसांत खेळाची चर्चा मागे पडली आणि हेतूची सुरू झाली. रंगनाथचा मामा धान्याचा मोठा व्यापारी होता आणि संघाच्या यंदाच्या बनियनी त्याने दिल्या होत्या. झाले! कट्ट्याला हवे ते मिळाले.

त्यात उपांत्य सामन्याचे प्रकरण होतेच. त्या सामन्यात रंगनाथने एक गडी टिपला, पण परत येताना त्याची टाच बाजूच्या रेषेबाहेर पडली. पंचांना ते दिसले नाही. प्रतिस्पर्ध्यांनाही दिसले नाही. या शहाण्याने स्वतःच हात वर केला आणि बाद होऊन बाहेर जाऊन बसला. सामना कसाबसा जिंकला, म्हणून गाव वाचले. असा गडी फितूर तरी असला पाहिजे, नाहीतर खुळा, असे कट्ट्याने ठरवून टाकले. अशाला गुरुजी पहिल्या चढाईला पाठवतात, म्हणजे आत काहीतरी शिजते आहे, यावर सगळ्यांचे एकमत झाले.

मल्हारी हे सारे ऐकत होता. आरंभी त्याला ते बोलणे खुपले. मग हळूहळू गोड लागू लागले. इतकी वर्षे ज्यांच्या पायांशी बसलो त्यांनी एका व्यापाऱ्याच्या भाच्यासाठी आपल्याला बाजूला सारावे, या विचाराने त्याचा जीव जळत होता. त्याचा उजवा गुडघा वर्षभराहून अधिक दुखत होता खरा, पण ते त्याने घरच्यांनाही कळू दिले नव्हते. तेव्हा कारण गुडघा असणे शक्य नव्हते. गुरुजी रंगनाथशी दोन शब्द बोलले तरी मल्हारीचे कान टवकारत. ते व्यापाऱ्याच्या दुकानावरून गेले, तर आत शिरतात का, हे तो आडून पाही. एकदा ते शिरले. गूळ घेऊन बाहेर आले. मल्हारीला त्या गुळाचाही संशय आला.

शेवटी सामन्याच्या आदल्या दिवशी तो गुरुजींच्या अंगणात जाऊन उभा राहिला. गावात काय बोलतात ते त्याने भीत भीत सांगितले आणि मग भीड सोडून विचारले, "गुरुजी, माझी जागा तुम्ही कशाच्या बदल्यात दिलीत?"

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी त्याला बसायला सांगितले. खाली बसताना मल्हारीने उजवा पाय सरळच ठेवला, हे त्यांनी पाहिले.

"पहिल्या चढाईत आपण गुण मागत नाही," ते म्हणाले. "समोरच्या संघाचा कोणता कोपरा पक्का, कोणता कच्चा, हे पाहून परत येऊन सांगणे एवढेच त्या गड्याचे काम. त्याच्या शब्दावर बाकीचे सहा जण खेळतात. गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात तू परत येऊन काय सांगितलेस?"

"उजवीकडचा कोपरा पक्का आहे, तिकडे कोणी जाऊ नका," मल्हारी म्हणाला.

"तू तिकडे गेला होतास?"

मल्हारीने गुडघ्यावर हात ठेवला. त्या सामन्यात त्याला उजवीकडे वळताच येत नव्हते.

"आपण तो सामना हरलो," गुरुजी म्हणाले. "हरण्याचे मला दुःख नाही. तुझा गुडघा दुखतो याचे आहे, आणि तू ते मला सांगितले नाहीस याचे त्याहून जास्त आहे. त्या पोराची टाच रेषेबाहेर पडलेली फक्त त्यालाच ठाऊक होती. त्याने सांगितले. चपळ गडी मला पुष्कळ मिळतील, मल्हारी. समोर काय आहे ते जसेच्या तसे सांगणारा मिळत नाही. त्याच्या मामाने बनियनी दिल्या नसत्या, तरी उद्या तोच गेला असता."

गुरुजींनी आतून तेल आणले आणि मल्हारीच्या गुडघ्याला चोळू लागले. तेव्हा त्याला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मैदानाकडे जाताना कट्ट्यावरच्या मंडळींनी त्याला गाठले. गुरुजींनी काय घेतले, हे तूच सांग, असा आग्रह झाला. नुसते गप्प राहिला असता, तरी संशय आपोआप पक्का झाला असता आणि सहानुभूती त्याच्याच पदरात पडली असती. पण तो थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "माझा गुडघा गेल्या वर्षापासून वाकत नाही. मी ते लपवले. गेल्या वर्षी संघाला खोटे सांगितले, म्हणून आपण हरलो."

मग मागून एकजण म्हणाला, "याला असे बोलायला लावले असेल." माना हलल्या. मल्हारीला राग आला नाही. कालपर्यंत त्यानेही हेच म्हटले असते.

सामना सुरू झाला. रंगनाथ पहिल्या चढाईला गेला, सगळीकडे फिरला आणि एकही गडी न टिपता परतला. गाव ओरडले, नावे ठेवू लागले. पोराने तिकडे लक्ष दिले नाही. त्याने संघाला हळूच सांगितले, "उजव्या कोपऱ्यातला गडी पाय उशिरा उचलतो. तिथून वाट आहे."

रेषेबाहेर बसलेल्या मल्हारीने त्या गड्याकडे पाहिले. गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यातही त्या कोपऱ्यात तोच गडी होता.