तांब्याभर पाणी

"…आणि इतकं सगळं करूनही ते गोगलगायीसारखं का चालतं, अप्पा?"

अप्पा देवळाच्या ओवरीत खांबाला टेकून बसले होते. दूध संघात पहिला संगणक त्यांनीच बसवला होता. आता त्यांची जागा समोर बसलेला त्यांचाच शिष्य शार्दूल सांभाळत होता, आणि ते सगळ्या तालुक्याला ठाऊक असावं अशी त्याची इच्छा होती.

संघाच्या संगणकांत काय काय घडतं, ते टिपून ठेवणारं एक सॉफ्टवेअर होतं. लॉगर म्हणत त्याला. शार्दूलनं परवा मोठ्या हौसेनं त्याची नवी आवृत्ती चढवली. तेव्हापासून वजनकाटाही अडखळू लागला. सकाळी कॅनांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली आणि निम्मं दूध उन्हात नासलं.

"जुनं काय टिपायचं?" अप्पांनी विचारलं.

"फक्त चुका."

"आणि नवं?"

"सगळं! बारीकसारीक सगळं. काही बिघडलं तर कळायला नको?"

"मग कळलं का, काय बिघडलंय ते?"

"नाही ना! म्हणून तर त्याच्यावर नजर ठेवायला आणखी एक लॉगर बसवला." शार्दूलचा आवाज जरा खाली आला. "तेव्हापासून जास्तच…"

तेवढ्यात शार्दूलचा फोन वाजला. संघाचे अध्यक्ष होते. फोन कानापासून हातभर लांब धरूनही ओवरीभर ऐकू आलं. "संध्याकाळचं दूध नासलं, तर तुमच्या दारात आणून ओतीन! आणि उद्यापासून यायचं नाही!"

शार्दूलनं कपाळ पुसलं.

"अप्पा, तुम्ही कशाकशाची नोंद ठेवायचा?"

अप्पांच्या मांडीशी पितळेचा तांब्या होता. त्यावर कोरलेलं होतं, 'सौ. सुमती'. अप्पांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"फार थोड्याची…"

मग तांब्या पुढे केला. "घसा कोरडा पडलाय. रांजणातलं पाणी आण. जपून ने. आणि करशील ते मोठ्यानं सांगत जा."

"का?"

"काही बिघडलं तर कळायला नको?"

शार्दूल उठला. "उठलो, अप्पा."

"आधी कुठला पाय टेकलास?"

"…डावा."

"सांगितलंस, हेही सांग."

"डावा टेकला, असं सांगितलं."

"किती वेळ लागला सांगायला?"

रांजण दहा पावलांवर होता. शार्दूल तिसऱ्या पावलावर घामाघूम झाला.

अंगण झाडणारी गुरवीण थांबली. "अप्पा, ह्या पोराला ऊन लागलंय का?"

"गुरवीणबाईंनी विचारलं, ऊन लागलंय का," शार्दूल ओरडला.

"अगं बाई!" म्हणत ती केरसुणीसकट दोन पावलं मागे सरली.

अप्पांना ठसका लागला.

"अप्पांना ठसका लागला!" शार्दूलनं इमानानं सांगितलं, आणि रांजणाच्या झाकणाकडे गेलेला त्याचा हात तिथेच थांबला.

तो तसाच उभा राहिला. अप्पा खोकत होते…

मग त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि भराभरा बोटं चालवली. दुसरा लॉगर बंद. पहिल्याला हुकूम, फक्त चुका टिप.

थोड्या वेळानं पुन्हा अध्यक्षांचा फोन वाजला. "अहो, काटा पळायला लागला की! काय जादू केलीत?"

शार्दूलची छाती फुगली. तो ओवरीत परतला, तांब्या अप्पांसमोर ठेवला आणि ऐसपैस मांडी घातली.

"कळलं, अप्पा! म्हणजे झालं काय, मी रांजणापाशी पोचलो, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं की…"

तो पुष्कळ वेळ बोलला. काहीही वगळलं नाही.

अप्पांनी तांब्या उचलून तोंडाशी नेला. मग खाली घेतला, आत पाहिलं, आणि शार्दूलच्या पुढ्यात ठेवला.

"तुझं सगळं ऐकलं, बाळा. आता पाणी आण."