मुख्यमंत्र्यांचा चहा

निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलण्याची कला रणधीररावांना अशी साधली होती, की यंदा ते थेट मुख्यमंत्रीच झाले. सरकारी बंगल्यात पाऊल टाकताच त्यांनी कर्मचाऱ्यांना ओळीत उभं केलं आणि तत्त्वनिष्ठ आवाजात फर्मावलं, "मागच्या भ्रष्ट सरकारांची सेवा केलेला एकही माणूस इथं नको. यादी करा!"

आचारी सोनबाच्या निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती आणि त्यानं तीन मुख्यमंत्र्यांना जेवू घातलं होतं. तो आत गेला आणि साहेबांसाठी चहा घेऊन आला.

रणधीररावांनी घोट घेतला. "वा! बिनसाखरेचा, वर चिमूटभर सुंठ. अगदी मला लागतो तसा! कोणी सांगितलं रे तुला?"

"सांगायला कशाला हवं, साहेब?" सोनबानं हात जोडले. "मागच्या तिन्ही सरकारांत तुम्ही मंत्री होतात. इथल्या दर बैठकीला मीच तर हा चहा पाठवत होतो. पक्ष बदलले, पण तुमचा चहा काही बदलला नाही. आता सरकारी यादी पदाप्रमाणे लागते, तर सगळ्यात वर कोणाचं नाव घालू?"

ओळीत कुणीतरी खोकलं.

रणधीररावांनी उरलेला चहा संपवला आणि जनतेच्या व्यापक हितासाठी सगळ्यांना कामावर कायम ठेवलं.