सारथीतला पाहुणा

"म्हणजे गणित त्या बाईचंच चुकलं. होय ना, मास्तर?"

मुजावर मास्तर भाकरी थापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठल्या बाईचं?"

"पोर्तुगालच्या. जिला तो नवा धूमकेतू सापडला, तिचं."

"बरं. मग?"

"मग काय! धूमकेतू गेल्या थंडीत सारथी तारकासमूहातून गेला असणार, असं ती म्हणते. सारथीतून, मास्तर! त्याच आठवड्यात त्याच जागेचा फोटो मी काढलाय. माझ्या फोटोत धूमकेतू नाही. म्हणजे..."

मास्तरांनी भाकरी तव्यावर टाकली.

"आधी पाणी पी. एवढ्या उन्हात गाडी हाकत आलास."

सन्मती मगदूम हा आम्हा शिष्यांतला सगळ्यात हुशार गडी. इचलकरंजीला त्याचा यंत्रांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. केसाएवढी चूक त्याला खपत नाही, ना लोखंडात, ना आभाळात. मी मिरजेला औषधांचं दुकान चालवतो आणि माझे ताऱ्यांचे फोटो हललेले येतात. तरी मास्तर मला येऊ देतात, हा त्यांचा मोठेपणा.

मास्तरांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. आता जतच्या पलीकडं पिराच्या टेकडीवर राहतात. दोन खोल्या, पिराची दिवाबत्ती, आणि सरकत्या पत्र्याचं एक खोपट. खोपटात दुर्बीण आणि कॅमेरा. आमच्या भागात आभाळाचे फोटो काढायचं वेड ज्याला लागलं, तो कधी ना कधी ही टेकडी चढतोच. आणि एकदा चढला की उतरायचं नाव काढत नाही. माझंच बघा की.

सन्मतीनं गाडीतून फोटो आणला. खिडकीएवढा, काच लावलेल्या चौकटीत. देशातल्या मोठ्या स्पर्धेत याच फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

खोटं कशाला बोलू? माझ्या अंगावर काटा आला. काळ्याभोर आभाळात तांबूस तेजोमेघ, त्याच्या कडेला निळसर झाक, आणि तारे कसे, तर निवडून ठेवलेल्या ज्वारीसारखे टपोरे. मला त्याचा हेवा वाटला. चांगला सणसणीत हेवा वाटला.

मास्तर भाकरी टाकून उठले. हाताला पीठ तसंच.

"वा... वा रे पठ्ठ्या! काय काढलंयस हे!"

भाकरी करपायला लागली. ती मी उलटली. मास्तरांचं लक्षच नव्हतं.

"एक ठिपका फालतू नाही यात," सन्मती म्हणाला. "चार रात्री कुडकुडत बसलो होतो. शेकडो फोटो काढले आणि एकावर एक रचले."

"रचताना ठेवलंस काय?"

"जे सगळ्या फोटोंत आहे, ते."

"आणि टाकलंस काय?"

"जे एखाद-दुसऱ्यात आहे, ते. विमान, उपग्रह, समोरून गेलेला किडा. सॉफ्टवेअरला तसं सांगावंच लागतं. तुम्हीच शिकवलंत की, मास्तर."

"शिकवलं खरं..."

"मग आता एवढंच करा. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर मी कालच लिहिलंय, बाईचं गणित चुकलंय म्हणून. पोरं वाद घालतायत. तुम्ही खाली दोन शब्द लिहिलेत की कुणी तोंड उघडणार नाही."

हे होतं तर. मला वाटलं, मास्तर आता याला झापणार. पण मास्तर फोटोजवळ वाकले.

"बाई म्हणते तो गेला कुठून?"

सन्मतीनं काचेला न लागता बोट फिरवलं. "इथून असा... असा इथवर."

मास्तरांनी पिठाचं बोट त्या वाटेवर मधोमध टेकवलं. काचेवर पांढरा ठिपका उमटला.

"अहो मास्तर, काच!"

सन्मतीनं खिशातून रुमाल काढला. ठिपका पुसला. काचेवर हाः करून पुन्हा पुसला. उजेडात तिरकं धरून बघितलं आणि तिसऱ्यांदा पुसला.

"काय पुसलंस?"

"पीठ. डाग पडला होता."

"मघाशी तिथं नव्हता?"

"नव्हता ना."

"म्हणून पुसलास."

"मग काय तर! जे आधी नव्हतं, ते मध्येच..."



रुमाल काचेवरच राहिला. मी स्टोव्ह बारीक केला. त्याचा आवाज एकदम फार वाटायला लागला होता.

"मूळ फोटो आहेत का?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"आहेत. फार जागा खातात, टाकणारच होतो या दिवाळीला..."

तो गाडीकडं धावला. हो, धावला. सन्मती मगदूमला मी कधी धावताना बघितलं नव्हतं.

लॅपटॉप बाजेवर ठेवला. पहिल्या रात्रीचा पहिला फोटो उघडला. काही दिसेना. मास्तर म्हणाले, "एकेक बघू नकोस. एकामागून एक पळव."

त्यानं फोटो पळवले. तारे जागच्या जागी. तेजोमेघ जागच्या जागी. आणि त्या सगळ्या थांबलेल्या गर्दीतून एक इवलासा धुरकट ठिपका सरकत होता. दुसऱ्या रात्रीच्या फोटोंत तो पुढं गेला होता. तिसऱ्या रात्री आणखी पुढं. चालला होता बिचारा आपल्या वाटेनं, आणि थांबत कुठंच नसल्यामुळं सॉफ्टवेअरनं त्याला प्रत्येक ठिकाणाहून हुसकावलं होतं.

"या अल्ला!" मास्तरांनी टाळी वाजवली. पीठ उडालं. मला खांद्याला धरून पुढं ओढलं. "विरूपाक्ष, बघ की! काय देखणा आहे रे! एवढा लांब असताना पकडलास, सन्मती? तुझ्या हाताला तोड नाही बघ!"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. एकटा सन्मती डोकं धरून बसला होता.

"मास्तर... हा माझा होता."

त्यानं पडद्याकडं बोट केलं.

"जगात कुणी बघायच्या आधी माझ्याकडं आला होता. त्याला माझं नाव लागलं असतं. मगदूम म्हणाले असते त्याला. आणि मीच त्याला केर समजून झाडून टाकला!"

माझा हेवा कुठल्या कुठं पळाला. असं कुणाचंही होऊ नये.

"आता काय करतोस?" मास्तरांनी विचारलं.

"करायचं काय? गप्प बसायचं. विरूपाक्षअण्णा, तुम्हीपण. तुम्हाला माझी शपथ आहे."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.

"त्या बाईला हे तरी ठाऊक आहे का," मास्तर म्हणाले, "की हा परत येणारा आहे की कायमचा निघाला?"

"नाही. उन्हाळ्यात सापडला आणि लगेच सूर्याआड गेला. तेवढ्या थोड्या दिवसांवरून पुरती वाट काढता येत नाही."

"आणि थंडीत तो कुठं कुठं होता, त्या जागा हाती आल्या तर?"

सन्मतीनं लॅपटॉप अर्धा मिटला. उत्तर त्याला आमच्या दोघांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"मास्तर, पाठवल्या तर सगळ्यांना कळेल. म्हणतील, याच्या हातात आला होता आणि यानं पुसला. वर त्या बाईलाच चुकीचं ठरवत होता. काय शोभा होईल माझी!"

"होईल की."

"आणि नाव तिचंच राहणार."

"राहणार."

"मग का पाठवू मी?"

"नको पाठवू." मास्तरांनी ताट पुढं सरकवलं. "जेव. भाकरी गार होईल."

सन्मतीनं भाकरीचा तुकडा मोडला. पिठल्याला लावला. तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला. असं दोनदा झालं. मी म्हणणार होतो, अरे खा की बाबा. मास्तरांनी माझ्याकडं नुसतं बघितलं, मग मी माझं तोंड मिटलं.

दार उघडंच होतं. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं.

सन्मतीनं हात धुतला. फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं: "बाईचं गणित बरोबर आहे. चूक माझी. धूमकेतू माझ्याकडं होता, मी काढून टाकला."



मग लॅपटॉप जवळ ओढून तो म्हणाला, "मास्तर, जागा मोजायला बसता का माझ्याशेजारी? आज माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही."

दोघं दिवेलागणीपर्यंत बसले. एकेका फोटोत ठिपका कोणत्या ताऱ्यापासून किती लांब, हे सन्मती मोजायचा आणि मास्तर पडताळायचे. मी चहा करत होतो. गडी गर्विष्ठ आहे, मी अजूनही म्हणेन. पण त्या संध्याकाळी मी त्याला मनातून हात जोडले. माझ्यानं ते झालं नसतं.

पुन्हा भेटला तो दिवाळी झाल्यावर. उन्हं कलता कलता टेकडी चढून आला. मास्तर खोपटाचा पत्रा सरकवायच्या तयारीत होते.

"बाईचं उत्तर आलं," तो म्हणाला. "माझ्या ठिपक्यांवरून वाट पक्की झाली. परत येणार आहे तो, मास्तर. शंभरेक वर्षांनी. फार आभार मानलेत तिनं."

"आणि ग्रुपवर?"

"चार दिवस हसले. मग एकेकजण आपापले जुने फोटो उघडून बसलाय."

मास्तर खुशीत हसले. सन्मती हसला नाही. खोपटाच्या उंबऱ्यावर बसला.

"मास्तर, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"शंभर वर्षांनी तो येईल, तेव्हा तुम्ही नसाल. मी नसेन. ती बाईसुद्धा नसेल. कोण बघणार, बघणार की नाही, तेही ठाऊक नाही. त्याच्यावर नाव आहे ते माझं नाही. मग एवढी शोभा करून घेतली, ती मी कुणासाठी?"

त्याला खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं, म्हणून मी कान टवकारले.

मास्तरांनी पत्र्याला हात घातला. पत्रा कुरकुरत अर्धा सरकला. वर पहिला तारा दिसायला लागला होता. मास्तर तिथंच थांबले.

"या खेपेला तरी कोण बघत होतं, सन्मती? ...तरी आलाच ना तो."