कडेला लागलेला ठिपका

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या अख्ख्या गावात एकच टीव्ही होता. तो डॉक्टर बापटांच्या घरी. संध्याकाळी माणसं सतरंजीवर बसून बातम्या बघत. काचेतलं चित्र फक्त बघायचं असतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

डॉक्टरांची लेक शरयू जर्मनीत शिकत होती, ती सुट्टीत घरी आली. येताना तिने एक पांढरं खोकं आणलं आणि तारेने ते टीव्हीला जोडलं. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका उजळला. शरयूने हातातली कळ फिरवली. ठिपका सरकला.

सगळे पडद्याजवळ सरकले. मग डॉक्टरांनी कळ हातात घेतली. त्यांनी फिरवली तसा ठिपका वर गेला, खाली आला. "अगं, काचेच्या आत माझा हात पोचला!" म्हणत ते लहान मुलासारखे हसले. त्या दिवसापासून पलीकडच्या वाड्यांवरूनही माणसं तो चमत्कार बघायला येऊ लागली.

खरं तर यंत्र अगदी साधं होतं. त्यात संगणक नव्हता. आवाज नाही, रंग नाही. दोन-चार ठिपके आणि एक रेघ, एवढंच त्याला काढता येई. बाकीचं चित्र प्लॅस्टिकच्या रंगीत कागदावर छापलेलं. तो कागद काचेवर चिकटवला की ठिपका त्याच्या आडून चमके आणि पडद्यावर कधी मैदान दिसे, कधी डोंगरातली वळणवाट.

"आणि गुण कोण मोजतं?" भिवा वस्तादांनी विचारलं. ते वरच्या आळीच्या तालमीचे वस्ताद. कुस्तीत त्यांची पाठ कधी मातीला लागली नव्हती.

"आपणच," शरयू म्हणाली. "त्याला कसलीच आठवण नाही. ठिपका वाटेबाहेर गेला तरी त्याला कळत नाही."

परत जाताना शरयूने ते खोकं गावाला द्यायचं ठरवलं, आणि डॉक्टरांनी त्याच्याबरोबर आपला टीव्हीही. पण वरची आळी म्हणे आमच्या तालमीत ठेवा, खालची म्हणे आमच्या वाचनालयात. बोलणं भांडणावर आलं. शेवटी ठरलं, दोन्ही आळ्यांतून एकेकाने वळणवाटेचा खेळ खेळायचा. ठिपका कडेला न लागता जो शिखर गाठेल, त्याच्या आळीला खोकं.

आधी खालच्या आळीच्या मालतीबाई कारखानीस बसल्या. त्या शाळेत शिकवायच्या. ठिपका शिखरावर पोचला आणि खालच्या आळीने टाळ्या पिटल्या.

मग वस्ताद बसले. त्यांच्या रुंद पाठीआड पडदा जेमतेम दिसत होता. आखाड्यात भलेभले गडी उचलणारी बोटं ती इवली कळ जपून फिरवत होती. ठिपका एकेक वळण घेत चढला. शिखर आलं. वरच्या आळीने आरोळी ठोकली. "बरोबरी! पुन्हा खेळा!"

वस्ताद उठले. "खेळायचं कारण नाही. शेवटच्या वळणावर माझा ठिपका कडेला लागला. मी हरलो."

"वस्ताद, कुणी पाहिलंय?" त्यांचा पठ्ठा दबक्या आवाजात म्हणाला.

"मी पाहिलं ना," वस्ताद म्हणाले.

ज्याला हरलेलं कुणी पाहिलं नव्हतं, तो माणूस सगळ्यांदेखत आपली हार स्वतः सांगत होता. खोकं बघायला आलेली माणसं वस्तादांकडे बघत राहिली.

तेवढ्यात मालतीबाई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "माझाही लागला होता," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वळणावर, अगदी निसटता. कुणाच्या लक्षात आलं नाही. टाळ्या वाजल्या आणि माझं तोंड उघडेना."

त्यांना कुणी हसलं नाही. वस्तादांनी वाकून नमस्कार केला. "बाई, माझ्यापेक्षा तुमचं अवघड होतं. तुम्ही जिंकून बसला होतात."

मग भांडायला काही उरलंच नाही. खोकं चावडीत ठेवलं गेलं, दोन्ही आळ्यांसाठी. पुढे ते बंद पडेपर्यंत गावाने एक रीत पाळली. ठिपका कडेला लागला की खेळणारा स्वतःच मोठ्याने ओरडायचा, "लागला!" आणि बघणारे त्यालाच टाळ्या द्यायचे.

तात्पर्य: जिथे आपली चूक पकडणारं कुणी नसतं, तिथेच आपल्या खरेपणाची परीक्षा असते, आणि एकाने ती दिली की दुसऱ्यालाही बळ येतं.